अंगानं बारीक, रक्तात साखर



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एक बाई हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? माझा पोरगा एकोणीस वर्षांचा. काडीसारखा आहे. कंपनीत घेताना रक्त तपासलं तर साखर जास्त निघाली. मशिनच बिघडलेलं असणार, नाही का?" तिनं विचारायचा अवकाश, बाकीच्या चारजणी म्हणाल्या, मशिनच बिघडलं असेल. साखर होते ती जाड्या माणसाला, पन्नाशीच्या पुढं, खुर्चीत बसून पगार घेणाऱ्याला. गव्हाच्या काडीसारख्या पोराला कशी होईल?

काही वर्षांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच काही गावांनी तीस वर्षं रक्त देऊन शोधलेलं आहे. ते जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे आणि आपल्याला मात्र नाही, हे मला खटकतं. म्हणून आज ती गोष्ट सांगते. गोष्ट पोरांची आहे, पण सुरुवात त्यांच्या आजीपासून करावी लागेल.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, सासर शिरूरचं. आज भीमेच्या काठानं उसाचे फड दिसतात, पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने आहेत, रांजणगावला एमआयडीसी आहे. नव्या सुनांना वाटतं, हा भाग पहिल्यापासून असाच हिरवा. तसं नाही. नदीपासून दोन कोस आत गेलं की हा सगळा अवर्षणाचा मुलूख. दुष्काळ इथं पिढ्यान् पिढ्या येऊन गेलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी आधार दिला, तो आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला. पण तो फार जुना काळ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतो तो १९७२ चा.

आमची आई त्या वर्षी खडी फोडायला जायची. पाठीवर मोठा भाऊ आणि पोटात मी. मी कामावर, म्हणजे तिच्या पोटात असताना, किती खडी फोडली त्याचा हिशेब नाही, असं ती हसत सांगायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी थापताना मोडायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यात बायका किती होत्या, हे त्या वेळचे फोटो बघितले की कळतं. पाटीखाली डोकं असलेल्या रांगाच्या रांगा, आणि त्यातल्या कितीतरी पोटुशी असणार.

हे वर्ष लक्षात ठेवा. पुढं ते पुन्हा येणार आहे.

त्याच दशकात आपल्या शिरूर तालुक्यात एक वेगळं काम सुरू झालं. संभाजी महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक गाव तुम्हाला माहीत आहे. तिथं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं ग्रामीण आरोग्याचं केंद्र उभं केलं. त्यामागं होत्या डॉ. बानू कोयाजी. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रमुख बाई, पण त्यांचं म्हणणं असं की बाई मरायला टेकल्यावर बैलगाडीतून पुण्याला आणायची, याला उपचार म्हणत नाहीत. डॉक्टर गावात गेला पाहिजे आणि गावातल्याच बाईला आरोग्याचं शिक्षण मिळालं पाहिजे. आज आपल्याकडं आशा ताई दारोदार येतात. त्या २००५ नंतरच्या. गावातली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे वढूच्या टापूत त्याआधी कितीतरी वर्षं करून दाखवलेलं होतं. १९९३ साली कोयाजीबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ग्रामीण बायकांसाठी केलेल्या याच कामासाठी.

आणि त्याच १९९३ साली, त्याच केईएममधून, आजच्या गोष्टीतला मोठा अभ्यास सुरू झाला.

तो का सुरू झाला ते आधी सांगते. केईएममध्ये मधुमेहाचे डॉक्टर आहेत, डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी परदेशात शिकताना पुस्तकात वाचलं होतं की हा मधुमेह उतारवयातल्या लठ्ठ माणसांना होतो. इथं येऊन बघतात तर दवाखान्यात येणारी माणसं वयानं लहान आणि अंगानंही बेताचीच. पुस्तक एक सांगतंय, समोरचा पेशंट दुसरंच सांगतोय. अशा वेळी बरेच जण पुस्तक खरं मानतात. यांनी तसं केलं नाही.

इकडं इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर नावाचे एक डॉक्टर वेगळ्याच कोड्यात पडले होते. त्यांच्या कोड्याचं उत्तर सापडलं ते सुईणींच्या वह्यांत. हर्टफर्डशायर नावाचा तिथला एक जिल्हा आहे. तिथं १९११ पासून सुईणी आणि नर्सबाया घरोघर जाऊन जन्मलेल्या बाळाचं वजन करायच्या, वर्षाचं झालं की परत करायच्या, अंगावर पितं की बाटलीनं तेही लिहायच्या. साध्या वह्या, शाईनं भरलेल्या. त्या पुढं कितीतरी वर्षं पडून राहिल्या. बार्करसाहेबांनी त्या हुडकून काढल्या आणि त्यातली बाळं आता म्हातारी होऊन कशानं वारली ते शोधलं. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा हिशेब १९८९ मध्ये छापून आला. जे जन्मताना आणि वर्षाचे असताना वजनानं कमी होते, त्यांच्यात हृदयविकारानं मरणारे सगळ्यांत जास्त निघाले. पुढं मधुमेहाचंही तसंच दिसलं.

आपल्या अंगणवाडी ताईंना हे मी मुद्दाम सांगते. तुमच्या रजिस्टरला "कागदं रंगवणं" म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना हर्टफर्डशायरच्या सुईणी सांगा. ऐंशी वर्षांनी जगाचं वैद्यकशास्त्र बदललं ते त्या वह्यांनी.

आता बार्करसाहेबांच्या वह्यांत एक उणीव होती. बाळ लहान का जन्मलं, त्याच्या आईनं काय खाल्लं होतं, तिला किती काम होतं, याचा त्यात शब्द नव्हता. ती उणीव भरून काढायची तर आई गरोदर राहायच्या आधीपासून नोंदी ठेवायला हव्यात. ते काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालं. इंग्लंडमधल्या डॉ. कॅरोलाइन फॉल आणि आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव अशा अभ्यासू बायकाही त्यात होत्या.

सहा गावांतल्या २,४६६ लग्न झालेल्या बायकांनी भाग घेतला. त्यांचं वजन-उंची गरोदर राहण्याच्या आधीच करून ठेवलं. मग दर महिन्याला एक कार्यकर्ती घरी येऊन पाळीची तारीख विचारायची. विचार करा, १९९३ सालचं खेडं, सासूबाई ओट्यावर बसलेल्या, आणि एक बाई दारात येऊन सुनेला पाळीची तारीख विचारते. पहिले काही महिने काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! डॉक्टरांची नावं कागदावर छापून येतात. त्या कार्यकर्त्यांची आणि तारीख सांगणाऱ्या त्या सुनांची येत नाहीत.

पाळी चुकली की सोनोग्राफी. गरोदरपणात दोन वेळा, साडेचार महिन्यांच्या सुमाराला आणि सातव्या महिन्यात, बाईनं काय खाल्लं याची बारीक चौकशी. काम किती केलं याचीही. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचं माप. नुसतं वजन नाही, तर डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर, आणि चिमट्यासारख्या एका उपकरणानं कातडीखालच्या चरबीची जाडी.

त्या आया कशा होत्या? सरासरी वय २१. उंची पाच फुटांच्या आसपास. वजन ४२ किलोला कमीच. खाणं दिवसाला १,८०० कॅलरीच्या आसपास, आणि काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. आता तो १९७२ चा धागा जोडा. १९९३-९४ मध्ये जी बाई २१ वर्षांची, ती जन्मली १९७२-७३ मध्ये. म्हणजे दुष्काळी कामावर पाटी उचलणाऱ्या आयांच्या पोटातल्या या मुली. हा हिशेब माझा आहे बरं का, डॉक्टरांच्या निबंधातला नाही. पण मी स्वतः त्याच वर्षाची, त्यामुळं ते आकडे वाचताना मला त्या बायका परक्या वाटल्याच नाहीत.

त्यांची बाळं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावची बाळं साडेतीन किलोची. आपलं बाळ बारीक, यात नवल नव्हतं. नवल पुढं आहे. बाळ बारीक म्हणजे सगळंच कमी असायला हवं. पण तसं नव्हतं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, म्हणजे आतले अवयव लहान. मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. निसर्गानं ओढाताण करून मेंदू आणि चरबी राखली आणि बाकीच्या ठिकाणी काटकसर केली. हे २००३ मध्ये छापून आलं, आणि तेव्हापासून जगभर आपल्या बाळाला नाव पडलं, "बारीक पण चरबीचं" बाळ.

मोठ्या माणसातही हेच असतं, हे दाखवायला डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो छापला. शेजारी त्यांचे इंग्लंडचे स्नेही डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. दोघंही शिडशिडीत. पण यंत्रावर मोजलं तर युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून म्हणते, पोरगा अंगावर बारीक दिसतो एवढ्यावर जाऊ नका. आत काय आहे ते शर्टावरून दिसत नाही.

आता आईनं काय खाल्लं तर बाळ चांगलं भरलं? इथं मला वाटतं आपल्या सगळ्यांच्या आज्या जिंकल्या. भाकरी-भात किती, पोट किती भरलं, याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो दुधाशी, पालेभाजीशी आणि फळांशी. मेथी, शेपू, तांदुळजा, चाकवत, शेताच्या बांधावरची घोळ, ज्याला आपण "पाला" म्हणून हिणवतो आणि पाहुणा आला की लपवतो, तो ज्या बाईच्या ताटात वरचेवर होता तिचं बाळ जास्त भरलं.

दुसरी गोष्ट कामाची. ज्या बाईला गरोदरपणात अंगमेहनत जास्त, तिचं बाळ वजनानं कमी, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. शेतातलं काम, धुणं, विहिरीवरून पाणी आणणं, सगळं त्यात मोजलं होतं. आपल्याकडं म्हणतात, काम केलं की बाळंतपण सोपं होतं. हालचाल चांगलीच, पण सातव्या महिन्यात डोक्यावर दोन हंडे म्हणजे हालचाल नव्हे. या अभ्यासातून मी माझ्यापुरता एक अर्थ काढलाय. दारात नळ आला तर ती नुसती सोय नाही, ती बाळाच्या अंगाला लागते. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की तो बायकांच्या सोयीचा म्हणून शेवटी ठेवतात. तो मुलांच्या आरोग्याचा म्हणून पहिला घ्यायला सांगा.

बाळं मोठी झाली. सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि रक्त तपासलं. तेव्हा आणखी एक कोडं उलगडलं, बी-बारा जीवनसत्त्वाचं. गरोदरपणी घेतलेलं या आयांचं रक्त जपून ठेवलं होतं. त्यात तीनातल्या दोघींना बी-बारा कमी निघालं. फॉलिक मात्र जवळपास सगळ्यांना पुरेसं, कारण पालेभाजी आणि गोळ्या. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक भरपूर पण बी-बारा कमी, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. २००८ सालची ही गोष्ट.

थांबा, हे ऐकून कुणी लोह-फॉलिकची गोळी बंद करू नका. त्या गोळीनं बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष टळतात, आईचं रक्त वाढतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींना रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत निघालंय. गोळी हवीच. तिच्या जोडीला बी-बाराही हवं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बी-बारा कशात असतं? पालेभाजीत नाही, डाळीत नाही, भाकरीत नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण, एवढ्यातच. आता आपलं घर डोळ्यासमोर आणा. गोठ्यात दोन गाई. सकाळी किटली भरली की थेट डेअरीला, फॅट लागते, दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. त्यातून गटाचा हप्ता जातो, मला ठाऊक आहे. घरात उरतं ते चहापुरतं. अंडी? असली तर मुलग्याला, तालमीला जातो म्हणून. मटण रविवारी, आणि बाईच्या ताटात येईपर्यंत पातेल्यात रस्सा राहतो. सोमवारचा उपास, चतुर्थीचा उपास, आणि उपासाला साबुदाणा. ज्या घरातून रोज वीस लिटर दूध बाहेर जातं, त्याच घरातल्या लेकीच्या रक्तात दुधातलंच जीवनसत्त्व कमी, ही आपली तऱ्हा.

मुलं बारा वर्षांची झाली, पुन्हा मोजली. अठरा वर्षांची झाली, पुन्हा मोजली. इतकी वर्षं एकाच गावातली तीच मुलं परत परत तपासायला यायची, हे जगात फार कमी ठिकाणी घडलंय. अठराव्या वर्षी उपाशीपोटी रक्त घेतलं, साखरेचं पाणी पाजलं, दोन तासांनी परत रक्त घेतलं.

निकाल असा. मुलग्यांमध्ये १०० मागे ३७ आणि मुलींमध्ये १०० मागे १८ जणांची साखर बिघडलेली. सगळ्यांना मधुमेह झाला होता असं नाही, बहुतेक जण उंबरठ्यावर होते. पण वय अठरा! आणि त्या सगळ्या तरुण पोरांमध्ये जवळपास निम्मी कमी वजनाची, म्हणजे आपण ज्यांना "जरा खा रे, वाऱ्यानं उडशील" म्हणतो तशी. ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा वरच होती. पोटात वाढही कमी झालेली. म्हणजे हे अठराव्या वर्षी अचानक आलेलं दुखणं नव्हतं.

असं का होतं, ते मला एका डॉक्टरांनी समजावलं, त्याचा मी शेतकऱ्याच्या भाषेत असा अर्थ लावला. पोटात असताना बाळाला रेशन कमी. त्यानं अंदाज बांधला की बाहेरही टंचाईच असणार. म्हणून त्याचं स्वादुपिंड, जिथं इन्सुलिन तयार होतं, ते बेताचंच घडलं. समजा अर्ध्या एकराला पुरेल अशी तीन एच.पी.ची मोटर बसवली. बाहेर जग टंचाईचं असतं तर ती मोटर जन्मभर चालली असती. पण बाहेर आल्यावर शेत झालं पाच एकर. मोटर रात्रंदिवस चालते, गरम होते, आणि तिशीच्या आतच जळायला लागते.

हे पाच एकर कुठून आलं, ते तुम्ही रोज बघता. सकाळी चहा आणि बिस्किट किंवा खारी. शाळेच्या दारात पाच रुपयांचं पाकीट, कधी दोन. कॉलेजला एसटीऐवजी मोटरसायकल, मळ्यातून घरापर्यंतही मोटरसायकल. कंपनीत रात्रपाळी, त्यात वडापाव आणि थंड बाटली. झोप मोबाइलनं खाल्लेली. आपल्या पिढीनं तालुक्याला पायी जाऊन जे कमावलं, ते पोरांनी बसून खर्च करावं तसं चाललंय. पण सगळा दोष पोरांच्या माथी मारू नका. पाकीट आपण हातात दिलं, कारण सकाळी भाकरी करून खुरपायला जायचं असतं आणि पोरगं रडतं. मीही दिलेलं आहे.

आणि आईच्या माथीही मारू नका. हा अभ्यास ऐकून एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "म्हणजे शेवटी आईचंच चुकलं म्हणा की!" मला राग आला. ४२ किलोच्या बाईनं १,८०० कॅलरीत दोन हंडे वाहून, शेवटी जेवून, २ किलो ७०० ग्रॅमचं बाळ जन्माला घातलं, तिचं काय चुकलं? तिला दूध कुणी दिलं नाही, आणि हंडा उतरवायला कुणी आलं नाही. चुकलं ते तिथं.

आता गोष्टीचा शेवटचा भाग, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांनी विचार केला, बाई गरोदर राहिल्यावर गोळी सुरू करतो, तोवर उशीर होतो. बाळाच्या अवयवांची घडण पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते, तेव्हा तर बाईला कळलेलंही नसतं. म्हणून आधीच सुरू करायला हवं. कधी? वयात आल्यावर. म्हणून २०१२ मध्ये, त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या ५५७ मुला-मुलींना घेऊन नवा प्रयोग सुरू झाला. काहींना बी-बाराची छोटी मात्रा, काहींना त्यासोबत इतरही जीवनसत्त्वं, आणि काहींना तुलनेसाठी नुसती साधी गोळी. मुलींची लग्नं झाली, बाळंतपणं आली, आणि त्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. ज्या आयांनी बी-बारा घेतलं होतं त्यांच्या बाळांना ते जास्त मिळालेलं होतं. पुढं दोन वर्षांची झाल्यावर त्यातल्या काही बाळांची समज आणि बोलणं तपासलं, तर बी-बारा मिळालेली बाळं पुढं होती. बाळं मोजकीच होती, त्यामुळं यावरून फार मोठं बोलू नये. पण दिशा कळते.

म्हणजे बघा, १९७२ ला पाटी उचलणारी आजी, तिच्या पोटातली मुलगी, १९९४-९६ मध्ये त्या मुलीला झालेली लेक, आणि आता तिचं बाळ. चौथी पिढी अंगणवाडीत जायला लागली आहे. तुमच्या घरात जी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, नववी-दहावीत, जिला "वजन वाढेल" म्हणून रात्रीचं जेवण नको असतं आणि शाळेतली आठवड्याची निळी गोळी पोटात मळमळतं म्हणून पिशवीत तशीच परत येते, ती या साखळीतली मधली कडी आहे. गोळी जेवण झाल्यावर घेतली तर मळमळ कमी होते, एवढं तिला सांगा.

त्या बैठकीतल्या बाईला मी काय सांगितलं, ते राहिलं. मशिन बिघडलं नाही म्हणाले. पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि उपाशीपोटी पुन्हा तपासून घे. उंबरठ्यावर असेल तर चालणं, खाणं आणि झोप बदलून बऱ्याच जणांना मागं फिरता येतं. त्याला लगेच "साखरेचा पेशंट" म्हणून गावभर करू नको, त्याचं लग्न व्हायचंय. आणि तिची धाकटी मुलगी आठवीत आहे असं कळलं, तेव्हा विचारलं, घरात दूध किती निघतं? म्हणाली, अठरा लिटर. मुलीला किती? ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ती चहा घेते ना, ताई."

त्या दिवशी गटात एक ठरलं. किटली डेअरीला जायच्या आधी घरातल्या मुलींसाठी एक पेला बाजूला काढायचा, आणि दहा दिवसांच्या पगारात किती फरक पडतो ते वहीत लिहायचं. तीन महिन्यांनी ती वही उघडायची आहे. तुमच्या गटानं असं काही करून बघितलं तर मला कळवा. पुढच्या वेळी मिश्रीबद्दल बोलेन. त्याची गोष्टही आजीपासूनच सुरू होते.